रिडक्स की झुस्टँड? त्याआधी नोंद कोणाची आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूमजवळच्या एका दूध संकलन केंद्रासाठी तुम्ही रिॲक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) ॲप बनवलंय. ३८० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, काउंटरवर दोन कॉम्प्युटर. लॉगिन केलेला ऑपरेटर, निवडलेली तारीख आणि पाळी, उत्पादकांची यादी, आजच्या नोंदी, दरपत्रक, फॉर्ममध्ये टाइप होत असलेलं लिटर-फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला घन भाग), कोणता पॉपअप उघडा आहे, हे सगळं एकाच कॉन्टेक्स्टमध्ये (ॲपच्या कुठल्याही भागाला वाचता येणारी रिॲक्टची सामायिक जागा) भरलंय. आता तक्रारी दोन आहेत. फॅटचा आकडा टाइप करताना तो अडकत अडकत उमटतो, आणि एका कॉम्प्युटरवर टाकलेली नोंद दुसऱ्यावर पान रिफ्रेश केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, रिडक्स घेऊ की झुस्टँड? (दोन्ही ॲपची माहिती एका जागी, म्हणजे स्टोअरमध्ये, ठेवणाऱ्या लायब्ररी.)

दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी दुसरी तक्रार जशीच्या तशी राहणार. पहिली कमी होईल, पण तीही लायब्ररी न बदलता जाऊ शकते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हींसाठी एकच गोळी मागताय. टाइप करताना ॲप अडतं, कारण एका खोक्यातला बदल सगळ्या स्क्रीनला सांगितला जातोय. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंद दिसत नाही, कारण जी नोंद मुळात सर्व्हरची आहे तिची प्रत काढून तुम्ही ती स्वतःची समजताय. प्रत जुनी झाली हे तिला कोण सांगणार? रिडक्स सांगत नाही, झुस्टँडही सांगत नाही. ती दोन्ही ब्राउझरच्या त्या एका टॅबपुरती कपाटं आहेत.

मी गेली दहा वर्षं हे काम करतोय, त्यातलं बरंचसं लातूर-नांदेड भागातल्या आडत दुकानांसाठी आणि गोदामांसाठी. आडतीच्या दुकानात एक शिस्त असते ती मला आमच्या धंद्यात फार उपयोगी पडली. काट्यावरची चिठ्ठी वेगळी, रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. एक आकडा मूळ म्हणून एकाच ठिकाणी लिहायचा, बाकी ठिकाणी तो तिथून उतरवायचा. दोन मुनिमांनी एकच आकडा आपापल्या वहीत मूळ म्हणून लिहिला की संध्याकाळी भांडण ठरलेलं. रिॲक्टमधल्या सामायिक स्टेटचे (ॲपनं लक्षात ठेवायच्या बदलत्या माहितीचे) निम्मेअधिक प्रश्न मला याच जातीचे दिसलेत.

तेव्हा आधी कागद घ्या. कॉन्टेक्स्टमधल्या प्रत्येक गोष्टीपुढं लिहा: हिचा मालक कोण? म्हणजे ही खरी आहे की खोटी हे शेवटी कुठं बघून ठरतं? मी तुमच्या यादीवर हे करून बघतो.

उत्पादकांची यादी, आजच्या नोंदी आणि दरपत्रक यांचा मालक सर्व्हर. तुमच्या ब्राउझरमध्ये फक्त उतारा आहे. उताऱ्याला कपाट लागत नाही, तो ताजा ठेवणारी यंत्रणा लागते. यासाठी मी टॅनस्टॅक क्वेरी वापरतो, जिला पूर्वी रिॲक्ट क्वेरी म्हणायचे. रिडक्स टूलकिट (रिडक्सचा आजचा संच) आधीच असेल तर त्यातली आरटीके क्वेरीही चालते, एसडब्ल्यूआर ही तसलीच लायब्ररीही चालते. तत्त्व एकच आहे. प्रत्येक उताऱ्याला एक किल्ली द्यायची. नोंदींची किल्ली म्हणजे 'नोंदी, केंद्र, तारीख, पाळी' हे चार तुकडे मिळून. पाळी बदलली की किल्ली बदलते आणि त्या पाळीचा उतारा वेगळा राहतो. त्यामुळं संध्याकाळच्या स्क्रीनवर सकाळचे आकडे राहून गेले, असा प्रकार होत नाही. ज्या कंपोनंटला (स्क्रीनच्या ज्या तुकड्याला) नोंदी हव्यात त्यानं तीच किल्ली मागायची. दहा कंपोनंटनी एकाच वेळी मागितली तरी सर्व्हरकडं विनंती एकच जाते. म्हणजे 'सामायिक' हा भाग तुम्हाला फुकटात मिळाला, कॉन्टेक्स्टशिवाय.

इथं डिफॉल्ट माहीत असायला हवेत, नाहीतर 'हे सारखं सर्व्हरला का विचारतंय' म्हणून तुम्ही वैतागाल. उतारा किती वेळ ताजा समजायचा, ती मुदत शून्य असते. म्हणजे आला तेव्हाच शिळा. तो वापरणारा कंपोनंट स्क्रीनवर नव्यानं आला, किंवा दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलात, किंवा नेट जाऊन आलं, की पुन्हा विचारणा होते. तोवर जुना उतारा दाखवला जातो. कोणीच वापरत नसलेला उतारा ५ मिनिटांनी टाकून दिला जातो. विनंती फसली तर आणखी ३ वेळा प्रयत्न होतो. आजच्या नोंदींसाठी हे ठीक आहे. उत्पादकांची यादी मात्र दिवसातून एखाद्या वेळी बदलते, तिची मुदत तासभर ठेवा.

दुसऱ्या कॉम्प्युटरचं काय? नोंद सेव्ह झाली की त्या किल्लीचा उतारा बाद करायचा, यालाच इनव्हॅलिडेट म्हणतात. पण हे त्याच टॅबपुरतं झालं. पलीकडच्या काउंटरसाठी दर १५ सेकंदांनी पुन्हा विचारायला सांगा. एका आकड्याची सेटिंग आहे, आणि टॅब मागं गेला की हे विचारणं आपोआप थांबतं. वेबसॉकेटच्या (सर्व्हरनं स्वतःहून बदल कळवायची जोडणी) नादाला लागू नका. दोन कॉम्प्युटर आणि ३८० उत्पादक आहेत, शेअर बाजार नाही. दर १५ सेकंदांचं विचारणंही पुढंमागं जड वाटलं तर तेव्हा बघा.

आता या भागातली एक चूक, जी नव्या पोरांच्या कोडमध्ये मला दर वेळी सापडते. सर्व्हरकडून यादी येते, मग यूजइफेक्ट (स्क्रीन काढून झाल्यावर चालणारं कोड) लिहून ती यादी यूजस्टेटमध्ये (कंपोनंटची स्वतःची स्टेट) किंवा स्टोअरमध्ये ओतली जाते, आणि स्क्रीन त्या स्टोअरमधून वाचते. 'नंतर बदल करायला सोपं' असं कारण दिलं जातं. झालं, एका आकड्याच्या दोन मूळ वह्या झाल्या. क्वेरीनं नवा उतारा आणला की इफेक्ट तुमचे बदल पुसून टाकणार. इफेक्टला अडवलंत तर नवा उतारा दिसणारच नाही. मग त्यात 'पहिल्यांदाच ओतलंय का' असा एक झेंडा (हो-नाहीची खूण) येतो, मग दुसरा झेंडा. असे पाच झेंडे असलेली फाइल मी पाहिलीय. उतारा थेट वाचा. बदल करायचा असेल तर सर्व्हरला सांगा आणि उतारा पुन्हा मागवा. एवढाच नियम.

दरपत्रकाबद्दल स्वतंत्र बोलावं लागेल, कारण इथं पैशाचा संबंध आहे. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि वरखाली पॉइंटप्रमाणं वाढ-कपात होते. हे गणित तुम्ही ब्राउझरमध्ये करून रक्कम दाखवत असाल. दाखवायला हरकत नाही, ऑपरेटरला आणि समोर किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लगेच आकडा लागतो. पण ती रक्कम अंदाज समजा. मध्यरात्री दर बदलला आणि तो टॅब कालपासून उघडाच असेल, तर जुन्या दरपत्रकानं काढलेली रक्कम सेव्ह होईल. सर्व्हरला लिटर, फॅट आणि एसएनएफ पाठवा. रक्कम तिथं निघू द्या आणि पावतीवर तीच छापा.

पुढचं, तारीख आणि पाळी. याचा मालक सर्व्हर नाही, पण स्टोअरही नाही. माझ्या मते यांची जागा यूआरएलमध्ये आहे. पान रिफ्रेश केलं तरी तीच पाळी राहते, मागं जायचं बटण नीट चालतं, दोन टॅबमध्ये दोन पाळ्या शेजारी उघडून ताळा करता येतो. आणखी एक फायदा मला फोनवर कळला. पूर्वी लातूरच्या मोंढ्यातून फोन आला की अर्धा तास 'कोणती तारीख निवडलीय, कोणता माल निवडलाय, वर काय दिसतंय' हेच चालायचं. तारीख आणि माल यूआरएलमध्ये गेल्यापासून मी म्हणतो, वरची लिंक व्हॉट्सॲपवर टाका. मला तीच स्क्रीन दिसते जी त्यांना दिसते. शोधखोक्यातला शब्द, कोणत्या रकान्यावर क्रम लावलाय, कितवं पान, हेही तिथंच जाऊ द्या. प्रत्येक अक्षराला नवी हिस्टरी तयार होऊ नये म्हणून हिस्टरीतली जुनी ओळ बदलायची, नवी ढकलायची नाही, एवढी काळजी घ्या.

आता टाइप करताना अडकणं. फॉर्ममधलं लिटर, फॅट, एसएनएफ यांचा मालक फॉर्म. सेव्ह बटण दाबेपर्यंत जगात दुसऱ्या कोणाला ते ठाऊक असायची गरज नाही. मग ते कॉन्टेक्स्टमध्ये का गेलं? बहुतेक 'उद्या लागलं तर' म्हणून.

कॉन्टेक्स्ट कसा चालतो ते एकदा नीट बघू. प्रोव्हायडरला (कॉन्टेक्स्टची माहिती पुरवणाऱ्या कंपोनंटला) दिलेली व्हॅल्यू आधीच्यापेक्षा वेगळी आहे का, एवढंच रिॲक्ट तपासतं. वेगळी असेल तर तो कॉन्टेक्स्ट वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्यानं काढला जातो. त्यातला कोणता भाग बदलला आणि या कंपोनंटला कोणता लागतो, हे रिॲक्टला कळत नाही. तुमच्या व्हॅल्यूमध्ये सगळं एकाच ऑब्जेक्टमध्ये आहे. ऑपरेटरनं '३', मग '.', मग '८' दाबलं. तीन वेळा नवा ऑब्जेक्ट तयार झाला, आणि तीनही वेळा वरची पट्टी, बाजूचा मेनू आणि ३८० ओळींची यादी पुन्हा रेंडर झाली. कारण यादीतली प्रत्येक ओळ 'ही निवडलेली आहे का' हे बघायला तोच कॉन्टेक्स्ट वाचते. ओळीला मेमोमध्ये (प्रॉप्स, म्हणजे वरून दिलेली माहिती, तीच असेल तर रेंडर टाळणारी सोय) गुंडाळलं तरी उपयोग नाही. मेमो फक्त प्रॉप्स बघतो, कॉन्टेक्स्टचा बदल त्याला वळसा घालून आत येतो. इथंच पुष्कळ जण चक्रावतात.

तेव्हा ते तीन आकडे फॉर्म कंपोनंटच्या आत साध्या यूजस्टेटमध्ये ठेवा. एवढ्या एका बदलानं तुमची पहिली तक्रार बहुधा संपेल, आणि त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागणार नाही. बहुधा म्हणतोय, कारण तुमचं कोड मी पाहिलेलं नाही. रिॲक्ट डेव्हटूल्समध्ये रेंडर होणारे कंपोनंट चमकवून दाखवायची सोय आहे, ती चालू करा आणि फॅटच्या खोक्यात टाइप करा. अख्खी यादी चमकली तर रोग हाच. फक्त फॉर्म चमकतोय आणि तरी अडतंय, तर कारण दुसरं आहे. मग प्रोफायलर (रेंडरला किती वेळ लागतो ते मोजणारी सोय) लावून बघा. आणि मोजमाप प्रॉडक्शन बिल्डवर करा. डेव्हलपमेंट मोड मुळातच मंद असतो, शिवाय स्ट्रिक्ट मोडमध्ये कंपोनंट मुद्दाम दोनदा रेंडर केले जातात.

फॉर्मचाच आणखी एक कंगोरा. उत्पादक क्रमांक ११२ निवडून लिटर टाकलं, मग लक्षात आलं की माणूस ११३ आहे. क्रमांक बदलला तरी जुनं लिटर तसंच राहिलं. हे पुसायला लोक यूजइफेक्ट लिहितात. त्याची गरज नाही. फॉर्मला उत्पादकाचा क्रमांक 'की' म्हणून द्या. की बदलली की रिॲक्ट जुना फॉर्म टाकून नवा उभा करतं, आतली स्टेट कोरी. आकडे पुसायचे की ठेवायचे हे मात्र तुमच्या ऑपरेटरला विचारा. काही ठिकाणी आकडे ठेवून क्रमांक बदलणंच त्यांना हवं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

एकूण लिटर, एकूण रक्कम, सरासरी फॅट हे तुमच्या यादीत नव्हतं, पण कोडमध्ये कुठंतरी असणारच. त्यांना मालक नसतो, ती बेरीज आहे. नोंदींवरून दर रेंडरला काढा. काही हजार ओळींची बेरीज ब्राउझरला जड नाही. खरंच जड झाली तर यूजमेमो (काढलेलं उत्तर लक्षात ठेवणारी सोय) आहेच.

याबाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका आडत दुकानाच्या ॲपमध्ये मी सोयाबीनच्या कट्ट्यांची एकूण बेरीज वेगळी स्टेट म्हणून ठेवली होती. कट्टा वाढला की बेरीज वाढव, डिलीट केला की कमी कर. चाललं महिनाभर. मग कोणीतरी नोंदीतलं वजन दुरुस्त करायची सोय मागितली, मी ती दिली, आणि तिथं बेरीज दुरुस्त करायला विसरलो. हंगामात ऐन गर्दीच्या दिवशी दुकानातून फोन: "सर, बेरीज जुळंना गेलीय." ओळी बरोबर, एकूण चूक. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाची पावती) छापलेली, शेतकरी समोर उभा, आणि मुनीम कॅल्क्युलेटर घेऊन स्क्रीनवरच्या ओळी हातानं मिळवतोय. दुरुस्ती काय होती? ती स्टेटच काढून टाकली आणि एका ओळीत बेरीज केली. कोड वाढलं नाही, कमी झालं.

आणि सरासरी फॅट काढताना लिटरचा भार धरा. एकानं ३.२ फॅटचं ४० लिटर घातलं, दुसऱ्यानं ४.४ चं ५ लिटर. साधी सरासरी ३.८ येते, पण टाकीतल्या दुधाचं फॅट ३.३३ च्या आसपास असतं. हा स्टेटचा विषय नाही, पण टँकर गेल्यावर डेअरीच्या आकड्याशी ताळा लागेना की लोक उगीच कॅशवर (पैसे नव्हे, ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले उतारे) संशय घेतात.

इतकं वेगळं काढल्यावर तुमच्या कॉन्टेक्स्टमध्ये काय उरलं? ऑपरेटर कोण आहे, कोणत्या केंद्राचा आहे, आणि तुम्ही लिहिलं नसलं तरी असतीलच अशा दोन सेटिंग: भाषा मराठी की इंग्रजी, पावतीचा प्रिंटर कोणता. पॉपअप ज्या स्क्रीनचा आहे त्या स्क्रीनकडं गेला. उरलेल्या चारही गोष्टी दिवसातून फार तर एकदोनदा बदलतात आणि ॲपभर लागतात. कॉन्टेक्स्ट नेमका यासाठीच आहे. व्हॅल्यूचा ऑब्जेक्ट दर रेंडरला नवा तयार होणार नाही, यासाठी तो यूजमेमोतून द्या आणि ऑपरेटर व सेटिंग असे दोन कॉन्टेक्स्ट वेगळे करा. मध्ये दोनतीन थरांतून प्रॉप खाली द्यावा लागला तर तसाच द्या. त्याला प्रॉप ड्रिलिंग म्हणून नाकं मुरडतात, पण कुठून काय येतंय हे वाचताना दिसतं. सहासात थर झाले तर आधी मांडणी बदलून बघा. मधल्या कंपोनंटला 'चिल्ड्रन' (आत ठेवायचे कंपोनंट तयारच) घ्यायला लावलं की निम्मे थर गळतात.

इंटरनेटवर तुम्हाला याच्या उलट सल्ले भरपूर सापडतील, आणि ते खोटे नाहीत, जुने आहेत. रिडक्स आलं २०१५ मध्ये. आजचा कॉन्टेक्स्ट रिॲक्ट १६.३ बरोबर २०१८ मध्ये आला, हुक्स (यूजस्टेट, यूजइफेक्टसारख्या सोयी) १६.८ बरोबर २०१९ मध्ये. त्याआधी दूरच्या दोन कंपोनंटना काही वाटून द्यायचं तर रिडक्स हाच सरळ मार्ग होता, म्हणून सर्व्हरच्या याद्याही त्यातच कोंबल्या जायच्या. मीही कोंबल्यात. प्रत्येक यादीसाठी 'मागवतोय, आली, फसली' असे तीन-तीन ॲक्शन (स्टोअरला द्यायचे निरोप) लिहिलेत. लेख वाचताना सालाकडं बघा. क्रिएटस्टोअर वापरणारं ट्युटोरियल असेल तर सरळ बंद करा. रिडक्सच्याच लोकांनी ती पद्धत जुनी ठरवून टूलकिट वापरायला सांगितलंय. फेसबुकमधून आलेलं रिकॉइल हे असंच स्टेटचं साधन तर २०२५ मध्ये अर्काइव्ह झालं, म्हणजे त्यावरचं काम बंद झालं, ते नव्यानं घेऊ नका. आता रिॲक्ट कंपायलरही आलाय, तो बरीच मेमोची कामं आपोआप करतो. पण नोंद कोणाची हे तो ठरवत नाही, आणि सर्व्हरवर काय बदललं हेही त्याला कळत नाही.

मग स्टोअर कधीच नको का? तुमच्या ॲपमध्ये एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी स्टोअर घेईन, आणि ती तुमच्या यादीत नाही. सकाळी सहाला लाइट जाते, राउटर बंद पडतो, आणि काउंटरवर किटल्यांची रांग लागलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे. रांग थांबत नाही, दूध थांबत नाही. मग नोंदी कुठं जाणार? या न पाठवलेल्या नोंदींचा मालक, त्या सर्व्हरवर पोहोचेपर्यंत, खरोखर तुमचा ब्राउझर आहे. वरच्या पट्टीला 'पाठवायच्या बाकी: ७' दाखवायचंय, फॉर्मला त्यात भर घालायचीय, यादीला त्या ओळी फिक्या रंगात दाखवायच्यात, आणि मागं एक कोड नेट आलं की एकेक पाठवत राहणार. ॲपच्या चार दूरच्या जागा एकाच गोष्टीत लिहितात-वाचतात आणि ती दर मिनिटाला बदलते. इथं झुस्टँड शोभतं.

ते करायचं झालं तर तीन गोष्टी सांभाळा. नोंदी फक्त मेमरीत ठेवू नका, टॅब बंद झाला की गेल्या. त्या इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये) लिहा. लोकलस्टोरेजची जागा साधारण ५ एमबी असते, त्यात फक्त मजकूर बसतो आणि लिहीपर्यंत पान थांबतं. दुसरं, प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच एक अनन्य क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद करायची नाही. नोंद पोहोचली पण उत्तर येताना नेट गेलं, असं होतंच. हा क्रमांक नसेल तर एकाच किटलीचे दोनदा पैसे निघतील. तिसरी अडचण बारीक आहे, पण मी तिच्यात एक अख्खी दुपार घालवलीय. ब्राउझरची रँडमयूयूआयडी ही सोय सुरक्षित पत्त्यावरच मिळते, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर. केंद्रातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुम्ही पहिल्याचा १९२.१६८ नं सुरू होणारा साधा एचटीटीपी पत्ता उघडलात तर ती तिथं नसतेच. तुमच्या मशीनवर चालतं, काउंटरवर मोडतं.

झुस्टँडमध्ये अख्खं स्टोअर उचलू नका, सिलेक्टरनं लागेल तेवढंच घ्या. वरच्या पट्टीला फक्त संख्या हवीय, तर संख्याच मागा. मग नोंदीत काहीही बदललं तरी संख्या तीच असेल तोवर पट्टी हलणार नाही. कॉन्टेक्स्टला न जमणारं काम हेच. पण सिलेक्टरमध्ये फिल्टर लावून दर वेळी नवा ॲरे परत दिलात तर फसाल. पाचव्या आवृत्तीत तर थेट न संपणाऱ्या रेंडरची एरर येते. कच्ची यादी घ्या आणि फिल्टर कंपोनंटमध्ये करा, किंवा यूजशॅलो (आतले घटक तेच असतील तर बदल न मानणारी सोय) लावा.

रिडक्स टूलकिट वाईट नाही. सातआठ जणांची टीम असेल, एका क्लिकवर पाच ठिकाणी परिणाम होत असेल, आणि 'हे असं कसं झालं' हे ॲक्शनच्या यादीत मागं जाऊन बघायची रोज गरज पडत असेल, तर त्याची शिस्त उपयोगी आहे. तुम्ही एकटे आहात. रांग एक आहे. मी घेणार नाही.

लॉगआउटबद्दल सांगायचं राहिलं. एका गोदामाच्या ॲपमध्ये मी लॉगआउटला फक्त टोकन (लॉगिनची खूण) पुसत होतो. एकाच कॉम्प्युटरवर पाळी बदलली, दुसऱ्या माणसानं लॉगिन केलं, आणि त्याला दोन सेकंद पहिल्याच्या गोदामाचा साठा दिसला. कॅश तशीच होती, तिनं आधी जुना उतारा दाखवला आणि मग नवा आणला. दोन सेकंदच, पण त्यानं फोटो काढला आणि मालकापर्यंत पोहोचवला. लॉगआउटला क्वेरीची पूर्ण कॅश रिकामी करा, स्टोअर मूळ स्थितीला आणा. न पाठवलेल्या नोंदी मात्र पुसू नका. त्यांच्यावर ऑपरेटरचा आणि केंद्राचा क्रमांक लिहून त्या ठेवून द्या, नाहीतर पहाटेचं दूध हवेत जाईल.

हे सगळं एका रात्रीत करू नका, केंद्र चालू आहे. आधी फॉर्म कॉन्टेक्स्टमधून बाहेर काढा, तासाभराचं काम आहे आणि ऑपरेटरला फरक लगेच कळेल. मग आजच्या नोंदी टॅनस्टॅक क्वेरीकडं न्या, ते आठवडाभर चालू द्या, मग उत्पादक आणि दरपत्रक. तारीख-पाळी यूआरएलमध्ये त्यानंतर. ऑफलाइनची रांग सगळ्यात शेवटी, आणि तिची चाचणी केंद्रात बसून, राउटरची वायर उपसून घ्या. प्रत्येक टप्प्यावर कॉन्टेक्स्टमधलं ते जुनं नाव खरंच काढून टाका. जुनं-नवं दोन्ही ठेवलं तर परत दोन वह्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: सेव्ह करताना रक्कम ब्राउझरमध्ये काढून पाठवता, की सर्व्हर काढतो? ब्राउझरमध्ये काढत असाल तर वरचा क्रम बाजूला ठेवा आणि पुढचं दहा दिवसांचं बिल निघायच्या आत आधी तेवढं हलवा.